गृहपाठाभावविचार

शास्त्रग्रंथ लिहिणाऱ्याने आरंभीच चार गोष्टी सांगाव्यात, असा आपल्याकडचा जुना दंडक आहे: विषय कोणता, प्रयोजन काय, संबंध कोणता आणि वाचण्याचा अधिकार कोणाला. आमचा विषय म्हणजे न झालेला गृहपाठ आणि तो चिकाटीने न करणारे मूल. संबंध उघड आहे, मूल घरचेच असते. रात्री दहा वाजता ‘आई, उद्या चार्ट पेपर न्यायचाय, पिवळाच हवा’ हे वाक्य ज्याने ऐकले आणि अर्धे शटर ओढलेल्या स्टेशनरीच्या दुकानाकडे जो पायात चपला सरकवत धावला, तो या ग्रंथाचा अधिकारी. इतरांनी वाचला तर पाप लागणार नाही, पण कळणारही नाही. राहता राहिले प्रयोजन. ते सापडलेले नाही. आजवर मान्य झालेल्या प्रबंधांकडे पाहता हा दोष धरू नये.

प्रथम इतिहास, कारण तो थोडक्यात आटोपतो. गृहपाठाच्या उत्पत्तीबद्दल इंटरनेटवर एक कथा फार फिरते. रोबेर्तो नेविलिस नावाच्या व्हेनिसच्या मास्तराने वर्गातल्या आळशी पोरांना शिक्षा म्हणून १९०५ साली गृहपाठ शोधून काढला, असे ती सांगते. काही ठिकाणी हेच साल १०९५ असे पडते. नकलून घेताना आकडा उलटा उतरवणारा तो इसम आमच्या विषयातलाच असणार. असा कोणी मास्तर होऊन गेल्याचा पुरावा मुळीच नाही. उलट कॅलिफोर्नियात १९०१ सालीच पंधरा वर्षांखालच्या मुलांच्या गृहपाठाला कायद्याने मनाई झाली होती. म्हणजे कथा खरी मानली, तर बंदी आधी आली आणि बंदी घातलेली वस्तू चार वर्षांनी जन्माला आली. दूरदृष्टीचे इतके चोख उदाहरण कोणत्याही विधिमंडळाच्या इतिहासात शोधून सापडायचे नाही.

आपल्याकडे हा विषय संसदेत पोहोचला तो एका कादंबरीकारामुळे. आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेत दप्तराच्या ओझ्यावर भाषण केले. पुढे प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्ये ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नका असे बजावले. आणि २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणाने तर मापेच ठरवून दिली: दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत, दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवीला रोज फार तर एक तास.

यातला आठवड्याला दोन तास हा आकडा आमच्या शास्त्राला फार उपयोगी पडतो. तिसरीतल्या मुलाला दहा ओळींचे शुद्धलेखन दिले, तर ते संध्याकाळी साडेपाचला वही उघडते आणि साडेनऊला मिटते, हे कोणत्याही घरात जाऊन ताडून पाहावे. म्हणजे सोमवारी साडेसात वाजता, तिसऱ्या ओळीच्या आसपास, आठवड्याचा सरकारी कोटा संपलेला असतो. तिथून पुढे शनिवारपर्यंत मूल जे काही करत नाही, ते धोरणाची अंमलबजावणी या सदरात मोडते. त्याबद्दल त्याला उभे करणारे शिक्षक केंद्राविरुद्ध जात आहेत, हे त्यांच्या ध्यानी आणून द्यायला हवे. कुणी द्यायचे, हा प्रश्न निराळा.

महाराष्ट्र शासनाने याच्याही पुढची मजल मारली होती. २०२३-२४ पासून बालभारतीच्या पुस्तकांत धड्यांमागे कोरी पाने बांधून मिळू लागली. मुलांनी नोंदी तिथेच कराव्यात, वह्या घरी राहाव्यात आणि दप्तर हलके व्हावे, असा हेतू. झाले असे की वह्या दप्तरातच राहिल्या आणि वर पुस्तकेही जाड झाली. २०२५-२६ साठी पाने काढून टाकण्याचा निर्णय झाला. शिक्षणतज्ज्ञ याला फसलेला प्रयोग म्हणतात. आम्हाला तसे म्हणवत नाही. मूल जे वर्षभर खपून वहीत निर्माण करते, ते कोरे पान शासनाने छापून, शिवून, आयते हाती दिले होते. इतकी जिव्हाळ्याची योजना पुन्हा होणे नाही.

आता लक्षण. लक्षण अचूक हवे; ते नको तिथे लागू पडले तर अतिव्याप्ती, हवे तिथे न पडले तर अव्याप्ती. ‘जो गृहपाठ करत नाही तो’ अशी व्याख्या केली तर ती आजोबा, दूधवाला आणि मुख्याध्यापक यांनाही लागू पडते. ‘गृहपाठ दिलेला असून जो तो करत नाही’ असे म्हटले तर खरे पट्टीचे मूलच निसटते. कारण ते काहीच करत नाही असे कुठे आहे? ते समास आखते. लाल पेनने आखते, मग निळ्याने त्याच्या बाजूला दुसरी रेघ ओढते. उजव्या कोपऱ्यात तारीख आणि वार लिहिते. मधोमध ‘स्वाध्याय’ लिहून त्याखाली नागमोडी रेघ मारते आणि तिच्या दोन्ही टोकांना फुले काढते. ‘प्र. १ ला. एका वाक्यात उत्तरे लिहा.’ हे सुवाच्य उतरवते. ‘(अ)’ लिहिते. कंसाचे दोन्ही बाक सारखे आलेत ना, हे मान तिरकी करून पाहते. आणि इथे, जिथे एक वाक्य लिहायचे असते नेमके तिथे, त्याला तहान लागते. म्हणून आम्ही लक्षण असे बांधले आहे: ज्याचा गृहपाठ सुरू होतो पण संपत नाही, आणि ज्याच्याविषयी निदान एका पालकसभेत ‘हुशार आहे हो, पण करत नाही’ हे वाक्य उच्चारले गेले आहे, ते मूल. दुसरे कलम अत्यावश्यक समजावे. ते वाक्य ऐकले की पालकांच्या कानात फक्त पहिले तीन शब्द शिरतात आणि ते समाधानाने घरी येतात.

इथवरची तयारी मूळ सिद्धांतासाठी होती. शाळेत न झालेल्या गृहपाठावर एकच शेरा पडतो: ‘अपूर्ण’. लाल शाई, एक शब्द, खाली सही. आमचे म्हणणे असे की हा शेरा शास्त्रशुद्ध नाही. एखादी वस्तू नसणे एकाच तऱ्हेचे नसते, हे आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे तर्कशास्त्री पंडितांनी, फार पूर्वी ठरवून टाकले आहे. सतराव्या शतकातल्या ‘तर्कसंग्रह’ या नवशिक्यांच्या पुस्तकातही अभावाचे चार प्रकार दिलेले आहेत: प्रागभाव, प्रध्वंसाभाव, अत्यंताभाव आणि अन्योन्याभाव. ज्यांनी ‘जमिनीवर मडके नाही’ या एका वाक्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले, त्यांच्या हाती चौथी ‘ब’च्या वह्यांचा एक गठ्ठा पडला असता तर शास्त्र कुठल्या कुठे गेले असते. ते राहिलेले काम आम्ही इथे करतो.

प्रागभाव म्हणजे वस्तू होण्याआधीचा तिचा अभाव. मडके घडण्याआधी ते नव्हते. ते नसणे कधी सुरू झाले हे सांगता येत नाही, पण मडके घडले की ते संपते. आरंभ नाही, शेवट आहे. गृहपाठाच्या बाबतीत हा अभाव ‘करतोय ना!’ या शब्दांनी ओळखावा. त्याला आरंभ नाही हे कोणतीही आई शपथेवर सांगेल. शेवट आहे, असे मूल सांगते. दोघांमधले भांडण खरे तर इथलेच आहे. मुलाच्या मते आपला गृहपाठ सदैव प्रागभावात असतो: तो व्हायचा आहे, होऊ घातला आहे, होण्यापासून त्याला कोणी अडवलेले नाही. आईच्या मते तो त्रिकाळात होणार नाही. तत्त्वज्ञानाचा हा मतभेद स्वयंपाकघराच्या दारातून आणि चढ्या आवाजात चालतो, म्हणून त्याची कोणी नोंद घेत नाही.

प्रागभावाच्या काळात मूल रिकामे बसलेले असते, हा मोठा गैरसमज. पेन्सिलीला टोक काढायचे असते. टोक काढताना ते मोडते, कारण ते मोडेपर्यंत काढले जाते. साल अखंड निघाली तर तिचे फूल करायचे असते. खोडरबरने बाक खोडून पाहायचा असतो. कंपासपेटीतला कोनमापक डोळ्याला लावून पंखा किती अंशात फिरतो ते बघायचे असते. धाकटी बहीण शेजारी येऊन बसली तर ‘आई, ही बघ मला अभ्यास करू देत नाही’ ही तक्रार नोंदवायची असते. ती आली नाही तर तिला हाक मारून बोलवायचे असते. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये लिहिले की, जेवढा वेळ असेल तेवढे काम फुगत जाते. त्यांनी ब्रिटिश सरकारी कचेऱ्या पाहिल्या, मराठी घरातले जेवणाचे टेबल पाहिले नाही. इथे काम तसूभर फुगत नाही. ते ‘(अ)’वर ठाम असते. फुगतो तो वेळ.

याच संदर्भात ब्लूमा झायगार्निक या विदुषींचा उल्लेख करायला हवा. १९२७ साली बर्लिनमध्ये त्यांनी दाखवले की पुरे झालेल्या कामापेक्षा मधेच तोडलेले काम माणसाच्या जास्त लक्षात राहते. बिल चुकते होईपर्यंत वेटरला सारी ऑर्डर पाठ असते आणि पैसे मिळाले की तो ती विसरतो, या निरीक्षणातून हे सुचले असे सांगतात. पूर्वपक्ष असा की, मग अपूर्ण गृहपाठवाल्या मुलाला गृहपाठ सर्वांत जास्त आठवायला हवा. प्रत्यक्षात ते ‘काही दिलाच नाही’ म्हणते. याचे उत्तर असे की आठवण पक्की असते, फक्त ती वेळ पाहून येते. स्टेशनरीचे दुकान बंद झाल्यावर येते. रविवारी रात्री, पांघरूण ओढून घेतल्यानंतर येते. रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवत असताना येते. आणि काहींना तर चाळिशी उलटल्यावर येते: चांगल्या पगाराची माणसे पहाटे दचकून उठतात, कारण स्वप्नात बाई वही मागत असतात. ज्याने तेव्हा गृहपाठ पुरा केला, त्याला यातले काही आठवत नाही. त्याचे बिल चुकते झाले आहे.

प्रध्वंसाभाव याच्या नेमका उलटा. मडके होते, फुटले. या अभावाला सुरुवात आहे, शेवट नाही. फुटलेले मडके पुन्हा तेच होत नाही. ‘बाई, मी केला होता, पण...’ या ‘पण’च्या पुढचा सारा प्रदेश याच्या मालकीचा. तर्कदृष्ट्या हा सर्वांत भक्कम बचाव आहे आणि पोरांना तो न शिकवता उमगतो. प्रागभाव सांगितला तर बाई म्हणतात, ‘बरं, उद्या आण.’ प्रध्वंस सांगितला तर उद्या आणायला काही उरतच नाही.

‘कुत्र्याने वही खाल्ली’ हे जगप्रसिद्ध कारण मात्र आपल्या मातीत रुजलेले नाही. आपला कुत्रा चौकात असतो, वहीपर्यंत त्याची पोहोच नाही. इथली कारणे ऋतुमानाप्रमाणे पिकतात. जून ते सप्टेंबर दप्तर भिजते. शाईपेन वापरणाऱ्या वर्गांना तर हे कारण पुराव्यासकट मिळत असे, निळ्या डागांची वही दाखवता येई. गणपतीत गावी जाणे होते आणि वही तिथेच माळ्यावर राहते, म्हणजे ती आता पुढच्या भाद्रपदापर्यंत सुरक्षित असते. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याकडे जाते, हे कारण खरेही असू शकते, म्हणून ते जपून वापरावे. थंडीत ताप आणि मार्च उजाडला की लग्न. लग्न कोणाचे, असे विचारल्यावर ‘आत्याच्या नणंदेचं’ म्हणावे. या नात्याची शहानिशा करायला कोणत्याही शाळेकडे वेळ नसतो. काही कारणे मात्र काळाच्या पोटात गेली. भारनियमनाच्या वर्षांत ‘लाइट नव्हते’ एवढ्या दोन शब्दांवर अख्खे वर्गच्या वर्ग तरून जात, आणि मेणबत्तीचे मेण वहीवर सांडलेले असले तर बाई हळहळतही. भारनियमन हटले, तसा मुलांचा तो आधार गेला. पुढे करोनाच्या काळात ‘नेट नव्हतं’ हे त्याच गादीवर बसले, पण त्याला ती शान नाही. लाइट गेले हे शिक्षकांनाही आपल्या घरी दिसत असे. नेट ज्याचे त्याचे असते.

अन्योन्याभाव सर्वांत सूक्ष्म. घट हा पट नव्हे आणि पट हा घट नव्हे. दोन्ही आहेत, पण एक दुसरे नाही. इथे गृहपाठ झालेला असतो. फक्त तो हा नसतो. स्वाध्याय अकरा दिला होता, बारा सोडवला. इतिहासाची उत्तरे भूगोलाच्या वहीत उतरली. एका शाळेत कानावर पडलेला संवाद असा:

‘गृहपाठ केलास का रे?’
‘हो बाई.’
‘दाखव.’
‘वर्गपाठाच्या वहीत केलाय.’
‘मग ती दाखव.’
‘ती गृहपाठाची समजून घरी ठेवली.’

यात कुठेही खोटे सापडत नाही. दोन वह्या, दोन ठिकाणे. प्रत्येक वही दुसरी नव्हे, एवढेच मुलाने सिद्ध केले.

प्रकल्प नावाची जी वस्तू सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाबरोबर घराघरांत शिरली, ती याच प्रकारात येते. प्रकल्पात वस्तू पूर्ण असते, कर्ता दुसरा असतो. बेकिंग सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी बाबांनी रात्री साडेअकराला तीनदा उडवून पाहिलेला असतो, मूल तेव्हा झोपलेले असते. सूर्यमालेचे गोळे आईने टांगलेले असतात. पूर्वी त्यासाठी थर्माकोल असे. २०१८ च्या बंदीने मखरांबरोबर त्यालाही घराबाहेर काढले आणि ग्रह पुठ्ठ्यावर आले. यात एक वैज्ञानिक धोकाही आहे. प्लूटोला २००६ मध्ये ग्रहांच्या पंक्तीतून उठवले. बाबा त्याआधी शिकलेले. मोठ्या मेहनतीने नववा गोळा रंगवून, दोऱ्याला बांधून ते समाधानाने झोपतात, आणि दुसऱ्या दिवशी मूल पाचपैकी तीन गुण घेऊन येते. ‘बाबा, तुमचं चुकलं’ असे ते म्हणते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो पाचपैकी पाचाने मिळणारा नाही.

या साऱ्या खटाटोपातून साधते काय, हेही कुणी मोजून पाहिले आहे. ड्यूक विद्यापीठाच्या हॅरिस कूपर यांनी सहकाऱ्यांसह २००६ मध्ये अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. गृहपाठ आणि यश यांचा संबंध त्यांना वरच्या वर्गांत बऱ्यापैकी दिसला, खालच्या वर्गांत फार क्षीण. तिसरीतल्या मुलाने हा निबंध वाचलेला नसतो. निष्कर्षाला मात्र ते आपल्या पद्धतीने पोहोचलेले असते.

आता अत्यंताभाव. वस्तू नव्हती, नाही, असणारही नाही. याचा एक नमुना प्रत्येक वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर असतो. ‘ज्यांनी गृहपाठ केला नाही ते उभे राहा’ असे वाक्य बाईंच्या तोंडून निम्मे यायच्या आत तो उभा असतो. कारण विचारले तर सांगत नाही, कारण कारण नसतेच. आधीचे तिन्ही प्रकार काहीतरी लपवतात. याच्यापाशी लपवायला काही नाही. शिक्षकांना मनातून हाच सर्वांत कमी त्रास देतो. त्याच्यावर वेळ खर्चावा लागत नाही, आणि खिडकी लावायला, खडू आणायला किंवा मुख्याध्यापकांकडे निरोप पोहोचवायला उभाच असलेला मुलगा बरा पडतो.

अत्यंताभावाची दुसरी जात हसण्यावारी न्यायची नाही. अभाव सांगायचा तर तो कुठे आहे हे सांगावे लागते. त्या ठिकाणाला नैयायिक अनुयोगी म्हणतात. इथे ते ठिकाणच जागेवर राहत नाही. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम उलगडेपर्यंत फडाजवळ कोप्या घालून राहतात. आई-बाप पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन बाहेर पडले की थोरली धाकट्याला सांभाळते. काही मुले गावी आजीपाशी राहतात. त्यांच्यासाठी शाळांतून हंगामी वसतिगृहे चालतात, कुठे नीट, कुठे कागदावर. अशा मुलांपैकी एखादे मार्चमध्ये वर्गात परत येते, तेव्हा त्याच्या वहीतल्या पाच महिन्यांच्या कोऱ्या पानांवरही शेरा तोच पडतो. बाबांकडून प्लूटो रंगवून घेणाऱ्याच्या वहीत असतो तोच शब्द, तीच शाई. वर्गीकरण नीट नसले की काय होते, ते इथे दिसते.

प्रमाणांकडे वळू. गृहपाठ नाही हे बाईंना कळते कशाने? नैयायिक म्हणतात, अभाव डोळ्यांनीच दिसतो. त्यांचे प्रतिपक्षी भाट्ट मीमांसक म्हणतात, नाही. वस्तू न आढळणे हे स्वतंत्र प्रमाण आहे, त्याचे नाव अनुपलब्धी. पण त्याला एक अट आहे: ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत मडके दिसले नाही म्हणून ते नाही असे म्हणता येत नाही. आमच्या मुलाचा सारा डाव या अटीवर आहे. ‘बाई, आणलीय, सापडत नाहीये’ असे म्हणून ते दप्तर उपसायला घेते. डबा निघतो. कालचाही डबा निघतो. रेनकोट, टोपण नसलेले स्केचपेन, सप्टेंबरात दिलेली आणि पालकांपर्यंत कधी न पोहोचलेली सूचना, चिंचोके, दुसऱ्याच कुणाचा तरी मोजा. या ढिगात वही असती तर दिसलीच असती, असे म्हणण्याची कुणाची छाती आहे? अनुपलब्धी तिथेच बाद होते. मुलाचा एक हात दप्तरात, एक डोळा घड्याळावर, आणि घंटा.

घरच्या बाजूला हल्ली शब्दप्रमाण चालते, म्हणजे वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप. पूर्वी काय दिले होते हे मुलालाच ठाऊक असे आणि ते सांगेल ते खरे. आता दुपारीच ‘प्रिय पालक, आजचा गृहपाठ’ येऊन पडतो. मुलाची सत्ता गेली असे वाटेल, पण तसे नाही. रात्री साडेनऊला एक आई विचारते, ‘पान नंबर काय होता?’ दुसरी म्हणते, ‘आमचा आजारी होता, कुणीतरी वहीचा फोटो टाका प्लीज.’ तिसरी फोटो टाकते, त्यात वहीपेक्षा अंगठा मोठा असतो. चौथी ‘झाला का सगळ्यांचा?’ असे विचारते, तेव्हा तिचा झालेला असतो. या साऱ्यात कुणाचे तरी बाबा ‘शुभ रात्री’ म्हणून गुलाब पाठवतात. ज्याचा गृहपाठ आहे तो एव्हाना गाढ झोपी गेलेला असतो, आणि जाग्या असतात त्या सगळ्या पदवीधर.

दंडाचे प्रकरण आटोपते घेतो. छडी गेली, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही वर्ज्य केला. उरल्या दोन शिक्षा. पहिली, ‘पाच वेळा लिहून आण’. एकदा लिहायला जमले नाही त्याला पाच वेळा लिहायला सांगणे, ही कल्पना ज्याची असेल त्याने सावकारी केली असावी. दुसरी, शेऱ्याखाली पालकांची सही. तिचा लाभ मोठा आहे. जे मूल दहा ओळी शुद्धलेखन लिहीत नाही, ते वहीच्या शेवटच्या पानावर बाबांच्या सहीचा सराव ओळीने चाळीस वेळा करते. अक्षराचा कल, शेवटचा फटकारा, खालची रेघ, सारे काटेकोर. शुद्धलेखनाचा हेतू हाच तर होता.

एका नव्या घटनेने मात्र हे चार अभाव अपुरे पडू लागले आहेत. आजवर मूल असायचे, गृहपाठ नसायचा. आता चॅटजीपीटीच्या कृपेने गृहपाठ असतो, संपूर्ण असतो, शुद्धलेखनाची एकही चूक नसते, आणि त्यात मूल नसते. याला कोणता अभाव म्हणावे? ‘तर्कसंग्रहा’त पाचवा नाही.

ओळखीच्या एका बाई आठवीला मराठी शिकवतात. ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध त्यांनी घरून लिहून आणायला सांगितला. वह्यांचा गठ्ठा तपासताना एकामागून एक निबंध सुरू होत होते ते निसर्गाने मानवाला दिलेल्या अनमोल देणगीपासून, आणि संपत होते ते पर्यावरण वाचवण्याच्या आपल्या सर्वांच्या जबाबदारीवर. मधे एक वही निघाली. समास दोन रंगांत आखलेला, शीर्षकाखाली नागमोडी रेघ. मजकूर तीन ओळींचा: ‘मला पावसाळा आवडतो. मागच्या वर्षी आमच्या गल्लीत पाणी आलं तेव्हा बाबांची गाडी वाहत गेली. ती मग’

बाईंनी ती वही दोनदा वाचली. मग सवयीने लाल पेन उचलले, ‘अपूर्ण’ लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला उभा केला.

‘ती मग काय झालं रे?’
‘बाई, उद्या लिहून आणतो.’

हा प्रागभाव होय.